वीतभर वर थांबलेला पिंजरा

माझ्या बायकोचं म्हणणं असं की माझा राग नाकावर नसतो, हेल्मेटमध्ये असतो. सकाळी हेल्मेट डोक्यावर चढलं की तोही चढतो आणि संध्याकाळी ते खुंटीला लागलं की उतरतो. हे अर्धंच खरं आहे. राग मला घरीही येतो, फक्त तिच्यासमोर तो काढायची सोय नाही.

मी सळईकाम करतो. उंच इमारतीचे कॉलम बाहेरून गुळगुळीत आणि करडे दिसतात, म्हणून लोकांना वाटतं ते नुसते सिमेंटचे आहेत. त्यांच्या पोटात सळयांचा पिंजरा असतो आणि तो आम्ही बांधलेला असतो. आता सळई काही तळापासून गच्चीपर्यंत अखंड येत नाही. खालच्या मजल्यातून डोकं वर काढून उभ्या असलेल्या सळयांना वरच्या मजल्याच्या सळया जोडाव्या लागतात. जोडायच्या म्हणजे काही अंतर दोघींना एकमेकींना खेटून उभं करायचं आणि तारेनं आवळायचं. माझी बायको शिवणकाम करते, तिला हे ऐकताक्षणी कळलं होतं. कापडाला कापड जोडताना दाब ठेवतात, तसाच हा दाब, ती म्हणाली. कमी ठेवला की शिवण उसवणार. इंजिनिअर लोक यावर जाडजूड पुस्तकं लिहितात, पण गाभा तिनं मशीनवरून मान वर न करता सांगितला होता.

या इमारतीत जोड मजल्याच्या मधोमध घ्यायचे होते, पायाशी नाही. जमीन हादरली तर कॉलम पायाशी आणि डोक्याशी जास्त वाकू बघतो, मध्यावर त्याला त्यातल्या त्यात आराम असतो, म्हणून जोड मध्यावर. बरोबरच आहे, माझी तक्रार नाही. पण करणाऱ्याच्या तोंडाला फेस येतो. जोड पायाशी असेल तर वरचा पिंजरा स्लॅबवर टेकवायचा आणि बांधून मोकळं व्हायचं. मध्यावर जोड म्हणजे पिंजऱ्याला टेकायला खाली काहीच नाही. क्रेननं तो अधांतरी धरायचा, खालून आलेल्या सळयांमध्ये अलगद उतरवायचा, आणि मी हात आडवा केला की जागच्या जागी थांबवायचा. मग माझी माणसं तारा आवळणार. तोवर क्रेन केसभरही हलता कामा नये.

ती क्रेन माझी लेक चालवते.

साइटवर तिला सगळे घार म्हणतात. सकाळी शिडीवरून वर जाते ती जेवायलाच खाली येते. हूकला एकाच माणसाचा हात चालतो, हा आमच्याकडचा नियम आहे. दहा जण दहा इशारे करायला लागले तर कुणाच्या तरी डोक्यावर पिंजरा पडेल. आमच्या मजल्यावर तो हात माझा. तळवा खाली करून हात आडवा धरला की थांब. दोन्ही हात छातीशी घट्ट धरले की काम झालं, हूक सोड. या दुसऱ्या इशाऱ्याबद्दल माझी साइटभर बदनामी आहे. चार कोपरे बांधून झाले की पिंजरा उभा राहतो, कुणालाही विचारा. मी मात्र शेवटची तार आवळून होईपर्यंत, आणि त्यानंतरही एकदा गदागदा हलवून बघेपर्यंत, हूक सोडू देत नाही. बाकीच्या गँगा क्रेनसाठी ताटकळत बसतात आणि माझ्या नावानं खडे फोडतात. लेक रेडिओवर म्हणते, "बाबा, सोडा की आता." मी ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

तर या मुलीनं आईला सांगितलं की तिला चष्मेवाल्याशी लग्न करायचं आहे, आणि आईनं ते मला सांगितलं. भाजी निवडता निवडता सांगितलं, म्हणजे मी उठून जाऊ नये.

चष्मेवाला म्हणजे डिझाइनवाल्यांच्या ऑफिसातून आमचं काम तपासायला येणारा इंजिनिअर. पट्ट्याला टेप अडकवलेला, कमी बोलणारा, आणि पायऱ्या चढताना सुद्धा वर बघत चालणारा. वारा फार सुटला की क्रेन बंद ठेवावी लागते, मग लेक खाली येऊन चहाच्या टपरीशी बसते. तिथे यानं तिला एकदा विचारलं, वरून कॉलमची रांग सरळ दिसते का हो. ती म्हणाली, कडेचा एक थोडा बाहेर आहे. दुसरा कुणी असता तर हसून चहा प्यायला असता. हा उठला आणि दोरी लावून बघायला गेला. कॉलम खरंच बाहेर होता. तिथून पुढे वारा सुटायची वाट दोघंही बघू लागले असावेत.

त्यात वावगं काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पोरगा निर्व्यसनी, सरळ, आपल्या आईची काळजी घेणारा. पण मला तो पटेना. खरं सांगायचं तर मला कुणीच पटलं नसतं. लेक सकाळी माझ्याबरोबर निघते, डबा माझ्याबरोबर खाते, दिवसभर माझ्या हातावर डोळा ठेवून असते. ती दुसऱ्या घरातून साइटवर यायला लागेल हा विचार माझ्या घशाखाली उतरत नव्हता. हे कबूल करायची लाज वाटत होती म्हणून मी कारण शोधत बसलो, आणि शोधणाऱ्याला ते सापडतंच.

माझं कारण असं. मी बरेच तपासणारे बघितले आहेत. त्यातले काही गोड स्वभावाचे असतात. चहा पाजा, हालहवाल विचारा, की त्यांचा टेप आपोआप आखडतो. हा आता माझा जावई व्हायला निघालेला, म्हणजे मला खूश ठेवण्याची त्याला सगळ्यात जास्त गरज. आणि ज्याला कॉलमजवळ नाही म्हणता येत नाही, तो पुढे संसारात कुठे पाय रोवून उभा राहणार? माझ्या मुलीला होयबा नवरा नको होता. निदान मला तिच्यासाठी नको होता.

तो एका संध्याकाळी घरी येऊन रीतसर विचारणार असं ठरलं. नेमकी त्याच दुपारी आमच्या मजल्याची तपासणी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शटरिंगवाले येऊन काँक्रीट ओतण्यासाठी पिंजऱ्यांभोवती प्लेटा लावणार होते. प्लेटा एकदा बंद झाल्या की आत काय आहे ते फक्त बांधणाऱ्याला माहीत. मी म्हटलं, हीच वेळ.

आदल्या रात्री जेवताना मी बेत बायकोला सांगितला. लिफ्टच्या खड्ड्यालगतच्या कॉलमचा पिंजरा मी वीतभर वर थांबवणार. म्हणजे प्रत्येक सळईचा जोड वीतभर कमी पडणार. चष्मेवाल्यानं पकडलं तर ठीक. बघून न बघितल्यासारखं केलं तर संध्याकाळी माझं उत्तर ‘नाही’. काही झालं तरी दुसऱ्या दिवशी शटरिंगवाल्यांच्या आधी जाऊन मी पिंजरा जागेवर आणणार, त्यामुळे इमारतीला धक्का नाही.

बायकोनं पोळी तव्यावर तशीच ठेवली. "आणि सकाळी पिंजरा खाली घ्यायला क्रेन कोण चालवणार?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी म्हटलं ते बघू. ती म्हणाली की तिच्या आयुष्यात तिनं इतका खुळचट बेत ऐकलेला नाही, आणि माझ्याशी लग्न होऊन बरीच वर्षं झाली आहेत हे लक्षात घेऊन ती बोलते आहे. पोळी करपली. ती मला वाढली.

तपासणीच्या दिवशी सकाळी पिंजरे चढवायला घेतले. ऊन छान कोवळं होतं, वारा नव्हता, आणि काम मनासारखं चाललं होतं. असे दिवस मला फार आवडतात. सळयांचा किणकिणाट, तारा पिळणाऱ्या आकड्यांची टकटक, वरून सावकाश येणारा पिंजरा आणि त्याची स्लॅबवर सरकणारी सावली. मी हात खालीवर करतो आणि एवढं वजन माझ्या तळव्याचं ऐकतं. मनात आलं, आज हे बिघडवायची काय गरज आहे. पण एकदा डोक्यात घेतलं की मी माझंही ऐकत नाही.

लिफ्टलगतचा पिंजरा आला. खालच्या सळयांवर आम्ही खडूनं खूण केलेली असते, तिथवर वरच्या सळईचं खालचं टोक यायला हवं. ते खुणेच्या वीतभर वर असताना मी हात आडवा केला.

पिंजरा थांबला. पण थांबण्याआधी किंचित रेंगाळला असं मला वाटलं. मी वर बघितलं. केबिनच्या काचेवर ऊन होतं, लेक दिसत नव्हती. रेडिओवर काही आलं नाही. माझा जोडीदार खुणेकडे बघत होता आणि माझ्याकडे बघत होता. आम्ही इतकी वर्षं एकत्र काम केलं आहे की मी नुसत्या भुवया उडवल्यावर तो गप्प बसला आणि बांधायला लागला. त्याचे कान मात्र लाल झाले होते. मी खुणा पुसल्या.

दुपारी चष्मेवाला आला. मी त्याच्या मागे चार पावलं ठेवून चालत होतो, नेहमीसारखा, आणि नेहमीसारखा दिसण्याचा प्रयत्न करत होतो. तो प्रत्येक कॉलमशी वाकत होता. सळयांना वेढणाऱ्या रिंगा खाली किती अंतरानं, जोडाजवळ त्या जवळजवळ घेतल्या आहेत का, सगळे जोड एकाच रेषेत न येता निम्मे खाली निम्मे वर आहेत का. मग जोडाला टेप. मान हलवायची, पुढे. त्याच्या हाताला घाई नव्हती, हे मला त्याच्याबद्दल पहिल्यापासून आवडत आलं आहे आणि ते मी कुणालाही सांगितलेलं नाही.

लिफ्टलगतच्या कॉलमशी त्यानं टेप लावला. काढला. पुन्हा लावला. दुसऱ्या बाजूच्या सळईला लावला. चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला आणि परत घातला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं.

मी त्याच्याकडे बघितलं. जणू तपासणी माझीच चालली होती.

त्यानं टेप सोडला, तो सर्रकन आत गेला, आणि हा पुढच्या कॉलमकडे वळला. उरलेले कॉलम बघून झाल्यावर "येतो, मिस्त्री," एवढं म्हणून तो जिना उतरून गेला.

मी तिथंच उभा राहिलो. मला हवं होतं ते मिळालं होतं. मी बरोबर ठरलो होतो, आणि त्याचा आनंद होत नव्हता. तेव्हा मला कळलं की या पोरानं मला खोटं पाडावं, अशी माझी सकाळपासून इच्छा होती.

संध्याकाळी घरी आलो तर बायकोनं खोली लख्ख केली होती. शिलाई मशीनवर फुलाफुलांचं कापड अंथरलं होतं, कप चांगले काढले होते. मी हेल्मेट खुंटीला लावलं आणि म्हटलं, उत्तर ‘नाही’ आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं. या वेळी ती रागावली नाही, बसली. मग म्हणाली की पोरीला तूच सांग, तुझ्या बेताचं ओझं मी उचलणार नाही.

लेक न्हाणीतून केस पुसत बाहेर आली. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि टॉवेल खांद्यावर टाकला.

"लिफ्टजवळच्या पिंजऱ्याचं ना?" ती म्हणाली. "हूक किती उंचीवर आहे ते मला केबिनमध्ये दिसतं, बाबा. बाकी सगळे एका उंचीला थांबले, तोच वीतभर वर. तुम्ही चुकून तसं करणार नाही. म्हणजे मुद्दाम केलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही हात आडवा केला की थांबायचं, मग बोलायचं नाही. शिकवलंय कुणी?"

मी विचारलं, त्याला सांगितलंस का. ती म्हणाली नाही. रेडिओ दोनदा हातात घेतला होता, दोनदा ठेवला. "मलाही बघायचं होतं," ती म्हणाली. "काय झालं?"

माझ्यावर कधी नव्हे ती वेळ आली होती. मी सांगितलं. त्यानं मोजलं, परत मोजलं, चष्मा पुसला, माझ्याकडे बघितलं, आणि पुढे गेला.

टेबलावरचे चांगले कप तिनं एकेक करून उचलले आणि परत फळीवर ठेवायला लागली. तिच्या आईनं तिच्या हातावर हात ठेवला तेव्हा थांबली. मला वाटलं उठावं, साइटवर जावं, त्या पिंजऱ्याला लाथ मारावी. बापानं इतकं हुशार असू नये.

तो ठरलेल्या वेळेला आला नाही. अंधार पडला. बायकोनं दिवा लावला आणि लेक म्हणाली, आता तो येणारच नाही, ती परीक्षा होती हे आलं असेल लक्षात. इतक्यात जिन्यावर बूट वाजले.

दारात चष्मेवाला उभा. अंगात इस्त्रीचा शर्ट होता, पण त्याच्या बाह्या गंजानं माखलेल्या. पायात साइटचे बूट. कपाळावरून घाम. बायकोनं बसा म्हटलं, तो बसला नाही.

"काका, बसायच्या आधी एक बोलायचं आहे," तो म्हणाला. "ते ऐकून तुम्ही बसा म्हणालात तर बसेन."

मी मान हलवली.

"लिफ्टच्या खड्ड्याजवळचा कॉलम. जोड वीतभर कमी आहे, सगळ्या सळयांना. मी त्याला लाल पट्टी बांधून आलो आहे आणि शटरिंगवाल्यांना सांगितलं आहे की त्याला प्लेट लावायची नाही."

मी विचारलं, "दुपारी मोजलंत तेव्हा का नाही बोललात?"

"मला वाटलं माझंच चुकतंय." तो चष्म्यातून जमिनीकडे बघत होता. "तुमच्या जोडात मला आजवर बोटाचाही फरक सापडलेला नाही. म्हटलं, नकाशा बदलला असेल, नवा आला असेल आणि मी बघितला नसेल. ऑफिसात जाऊन पाहिलं. नकाशा तोच आहे. मग परत साइटवर गेलो आणि प्रत्येक सळई मोजली. म्हणून उशीर झाला."

"म्हणजे टेपपेक्षा माझ्यावर जास्त विश्वास?" माझा स्वभाव आडवा आलाच. "तपासणाऱ्यानं असं करायचं नसतं."

"नसतं. म्हणून तर परत गेलो."

मी माझा शेवटचा खडा टाकून बघितला. म्हटलं, आज तुम्ही काय विचारायला आलात हे मला माहीत आहे. माझ्याच कामाला माझ्याच घरात येऊन नापास करताय. मी नाही म्हटलं तर?

त्यानं पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. आवाज चढला नव्हता, पण त्यात मऊपणाही नव्हता.

"मग नाही म्हणा. पण तो पिंजरा आधी खाली घ्या."

मला काय वाटलं ते सरळ सांगतो. मला त्याला मिठी मारावीशी वाटली. मी मारली नाही, कारण माझी तशी सवय नाही, आणि त्याच्या बाह्यांना गंज होता. मी म्हटलं, "बसा."

तो बसला. लेकीनं फळीवरून कप परत काढले आणि ते काढताना मला पाठ केली, पण तिचे खांदे हलत होते आणि ती रडत नव्हती, हसत होती. मग मला सगळं सांगावं लागलं. बेत, खूण, पुसलेला खडू, सगळं. सांगताना प्रत्येक वाक्यागणिक तो बेत अधिकच मूर्खपणाचा वाटायला लागला. बायको दारात उभी राहून एकेक शब्द चवीनं ऐकत होती.

चष्मेवाल्याला राग आला. त्याला राग येतो हे मला तेव्हाच कळलं, आणि बरं वाटलं. तो म्हणाला की तो सकाळपासून जेवलेला नाही. संध्याकाळभर तो त्या मजल्यावर एकटा फिरत होता, आणि मला सांगायचं कसं, आणि सांगितल्यावर या घराचा जिना परत कधी चढता येईल का, याच विचारात होता. आणि मी परीक्षा घेत होतो? खऱ्या इमारतीत?

"सकाळी मी स्वतःच सरळ करणार होतो," मी म्हटलं.

"त्याला क्रेन लागली असती."

बायकोनं माझ्याकडे बघितलं.

"आणि कारण काहीही असो," तो म्हणाला, "मी तो कॉलम नापास म्हणूनच लिहिणार आहे."

उभ्या आयुष्यात माझा एक कॉलम नापास झाला नव्हता. आता सगळ्या साइटला कळणार, गँगा वर्षभर चघळणार. "लिहा," मी म्हटलं. हा शब्द मला वाटला तितका कडू लागला नाही.

मग बायकोनं ताटं वाढली आणि सगळे जेवले. चष्मेवाला भुकेला होता, दोनदा मागून घेतलं. जेवता जेवता त्यानं जे विचारायचं ते विचारलं, अगदी साध्या शब्दांत. लेक म्हणाली की तिला कुणी कुणाला देत-घेत नाहीये, तिचं ठरलेलं आहे. पण बाबांनी मनापासून हो म्हणावं असं तिला वाटतं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

आता हो म्हणायला काय हरकत होती? काहीच नाही. पण मी म्हटलं, उद्या सांगतो. बायकोनं माझ्या ताटातली उरलेली गोडाची वाटी उचलून चष्मेवाल्याच्या ताटात ठेवली.

सकाळी मजल्यावर पोचलो तर लिफ्टलगतच्या पिंजऱ्यावर लाल पट्टी फडफडत होती आणि शटरिंगवाले तिच्याभोवती उभे राहून मजा बघत होते. मिस्त्रींचा कॉलम नापास, ही बातमी माझ्याआधी जिना चढली होती. मी सगळ्यांना नमस्कार केला. काय करणार?

चष्मेवाला टेप घेऊन आधीच हजर होता. त्याला वाटलं मी खचलो असेन, म्हणून त्यानं हळूच विचारलं की आज इशारा मी करू का. मी विचार केला, करू दे, आज त्याचा दिवस आहे. मी बाजूलाही झालो. तेवढ्यात रेडिओ खरखरला.

"मी बाबांच्या हातावर काम करते," वरून आवाज आला. "त्यांना हलवू नका. तुम्ही टेप धरा."

तो निमूट गुडघ्यावर बसला आणि टेप धरला. मी माझ्या जागी आलो.

क्रेननं पिंजऱ्याचं वजन घेतलं. माझ्या माणसांनी काल आवळलेल्या तारा कातरल्या. जोडीदारानं नव्यानं खडूची खूण केली, माझ्याकडे बघत, जरा जास्तच जाड. मी तळवा खाली केला आणि बोटं हलवली. पिंजरा अंगुळा-अंगुळानं उतरू लागला. वीतभर अंतर ते केवढं, पण मला ते संपता संपेना. सळईचं टोक खुणेला लागलं, मी हात आडवा केला, आणि पिंजरा तिथल्या तिथे थांबला.

चष्मेवाल्यानं एका बाजूनं मोजलं. मग दुसऱ्या बाजूनं. मग उरलेल्या सळया, एकही न सोडता.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

माणसं बांधायला लागली. पहिला कोपरा झाला, दुसरा झाला. मी हात आडवा धरून उभा होतो आणि पलीकडच्या गँगा नेहमीसारख्या बसकण मारून होत्या. आता मिस्त्री शेवटच्या तारेपर्यंत सोडत नाहीत, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. तिसरा कोपरा. चौथा.

मी चष्मेवाल्याला विचारलं, "धरेल?"

तो उठला, पिंजऱ्याला दोन्ही हातांनी धरून हलवून बघितलं. घाईनं नाही.

"धरेल, काका."

मी दोन्ही हात छातीशी आणले आणि घट्ट धरले.

जोडीदाराच्या हातातली तार खाली पडली. मग रेडिओवर लेकीचा आवाज आला, नेहमीचा चेष्टेखोर नाही, जपून विचारल्यासारखा.

"बाबा, सोडू? नक्की?"

माझे हात छातीशी होते, आणि ते मला काढायचे नव्हते, म्हणून मी चष्मेवाल्याला म्हटलं की रेडिओ माझ्या तोंडाजवळ धर. त्यानं धरला. मी त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं होतं, हे त्याच्याही लक्षात आलं.

"सोड, बाळा," मी म्हटलं. "माझं हो आहे."

साखळी सैल पडली. जोडीदारानं हूक काढला आणि तो रिकामा हूक डुलत डुलत वर गेला. मी सवयीनं पिंजऱ्याकडे बघितलं. तो जागचा हलला नव्हता.